नावाआधी पैदास : भीमेच्या खोऱ्यातील मासा आणि कावेरीतील संकट

१/ नदीतून पकडलेले बुटके सिक्लिड मासे घरच्या टाकीत वाढवणारे जाणकार एक पथ्य पाळतात : मासा कोणत्या नदीतला व कोणत्या जातीचा हे ठरल्याशिवाय त्याची जोडी लावायची नाही. दिसायला सारख्या दोन जाती मिसळल्या की मूळ वंश हरवतो. हेच पथ्य नद्यांच्या बाबतीत सुटले तेव्हा काय घडले, त्याची ही हकीकत. तिची सुरुवात आपल्या पिंपरी-चिंचवड व चाकणच्या परिसरातच होते.

२/ चाकणच्या दक्षिणेस इंद्रायणी, उत्तरेस भामा आणि भीमा. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. १८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यास नेमले. लोकसंख्या व पिकांबरोबर त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले.

३/ दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक माशांची मराठी नावेच शास्त्रीय नावांत उतरली. ‘मळ्या’ आज गारा मुल्या म्हणून, तर ‘शिंगटी’ मिस्टस सींगटी म्हणून जगभर ओळखला जातो. निबंध साइक्सचा असला, तरी शब्द इथल्या मासेमारांचे होते.

४/ आपल्या कथेत त्यांपैकी दोन नावे महत्त्वाची. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला ‘खुद्री’, म्हणजे आजचा निळ्या परांचा महसीर, टॉर खुद्री. दुसरा, शिरूरजवळ घोड नदीतला ‘मुसल्ला’.

५/ पुढे नावांचा घोळ झाला. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला एक प्रचंड महसीर होता आणि गळ टाकणाऱ्या शिकाऱ्यांत तो प्रसिद्ध होता. १९४३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी अशा माशाला साइक्सचे ‘मुसल्ला’ हेच नाव लावले. अलीकडच्या फेरतपासणीत साइक्सचा मुसल्ला महसीरच नसल्याचे दिसले. तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीत मोडतो. परिणामी कावेरीचा महसीर पुन्हा बेनाव झाला.

६/ दरम्यान १९७० च्या दशकात, इंद्रायणीच्या उगमाजवळ लोणावळ्यात, टाटांच्या वीजकंपनीने वळवण येथे खुद्रीची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही या कामातील प्रमुख नावे. पावसाळ्यात तलावातून पक्व मासे धरायचे, मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, त्यांवर नराचे वीर्य मिसळायचे, आणि फलित अंडी वाहत्या पाण्यातील ट्रेमध्ये उबवायची, अशी ही पद्धत. धरणे व प्रदूषणाने घटणाऱ्या माशासाठी हे मोठेच यश होते.

७/ मग वळवणची बोटुकली इतर राज्यांतही गेली आणि कावेरीत सोडली गेली. हेतू महसीर वाचवण्याचाच होता. परंतु कावेरीत आधीपासून कोणता महसीर आहे, हे तेव्हा निश्चित झालेले नव्हते.

८/ शिकाऱ्यांच्या नोंदवह्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचा महसीर वाढत गेल्याचे आणि उंच पाठीचा दुर्मीळ होत गेल्याचे आढळले. २०१८ मध्ये त्याची ओळख पटली : टॉर रेमादेवी. त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी हीही ऱ्हासाची कारणे आहेतच.

९/ आणि खुद्री? एकेकाळी ‘संकटग्रस्त’ असलेला हा मासा आता ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आहे. एकाच पैदासकेंद्राच्या वाट्याला ही दोन्ही फळे आली. म्हणून टाकीतला मासा असो वा नदीत सोडायचे बीज, पहिली नोंद त्याच्या मूळ गावाची आणि जातीची हवी. साइक्सच्या निबंधाचा उपयोग आजही त्यासाठीच होतो : कोणता मासा कोणत्या नदीत, कोणत्या नावाने होता, हे तो सांगतो.

(थ्रेड समाप्त)