‘ते रंग नंतर भरलेले असतात हो!’

थंडीत मृग नक्षत्र डोक्यावर आलं की आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीपाशी रांग लागते. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या जरा खाली एक धुरकट ठिपका आहे, तो मृगातला तेजोमेघ. अर्धा तास कुडकुडत थांबलेला माणूस डोळा लावतो आणि बहुधा एकच शब्द बोलतो, ‘एवढंच?’ तो आलेला असतो गुलाबी-जांभळा फोटो मनात घेऊन, आणि समोर काय, तर थंड काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा राखाडी डाग. मग मागून कुणीतरी जाणत्या आवाजात खुलासा करतं, ‘फोटोतले रंग नंतर भरलेले असतात हो. कॉम्प्युटरची करामत!’ रांग मान डोलावते. आजवर आपल्याला फसवलं जात होतं, हे कळल्याचंही एक समाधान असतं.

हे मत आता इतकं रुजलंय की चांगली वाचणारी माणसंही ते शहाणपण म्हणून सांगतात. मला ते मान्य नाही. पण पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, यात कसला आला पुरुषार्थ? तेव्हा आधी तो जमेल तेवढा भक्कम करतो.

हबल दुर्बिणीचा कॅमेरा रंगीत नाही, ही गोष्ट खरी. कुठल्या बिंदूवर किती प्रकाश पडला एवढंच तो मोजतो. हाती येतं ते राखाडी चित्र. गरुड तेजोमेघातले ‘निर्मितीचे स्तंभ’ ज्या छायाचित्रामुळे घरोघरी पोचले, ते अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी १ एप्रिल १९९५ रोजी हबलकडून घेतलेल्या निरीक्षणांतून तयार झालं. तीन अरुंद फिल्टर वापरले होते. गंधकाच्या प्रकाशाला त्यांनी लाल रंग दिला, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा. आता हायड्रोजनची ती रेषा ६५६ नॅनोमीटरची, म्हणजे चक्क तांबडी. तांबड्याला हिरवं केलं! आरोपपत्राला आणखी काय हवं?

पुढचा मुद्दा पूर्वपक्षाला सहसा सुचत नाही, तो मी पदरचा देतो. यानात बसून तेजोमेघाजवळ गेलात, तरी तो अधिक झगझगीत दिसणार नाही. जवळ गेल्यावर प्रकाश जास्त मिळतो खरा, पण तेजोमेघ आकाशाचा त्याच प्रमाणात जास्त भाग व्यापतो, त्यामुळे आकाशाच्या एकेका तुकड्यामागचं तेज होतं तेवढंच राहतं. हजार प्रकाशवर्षांचा प्रवास करून पुन्हा राखाडीच दिसायचं, फार तर थोडी हिरवट झाक.

एवढं सगळं कबूल केलं. तरीही ‘म्हणून रंग खोटे’ हा निष्कर्ष यातून निघत नाही.

अमावास्येच्या रात्री अंगणातली जास्वंद काळी दिसते. सकाळी ती लाल दिसली, तर रात्रीतून कुणी रंग भरून गेलं असं आपण म्हणत नाही. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो; अंधुक उजेडात ज्यांच्या भरवशावर आपण चालतो त्या दंडपेशींना रंग कळत नाहीत, आणि गडद तांबड्या प्रकाशाला तर त्या जवळपास आंधळ्याच असतात. हायड्रोजनचा अणू मात्र कुणी बघतंय की नाही याची वाट न पाहता ६५६ नॅनोमीटरचाच प्रकाश सोडत राहतो. कॅमेऱ्याने तासभर थेंबथेंब साठवला की तो तांबडा उमटतो. ऑस्ट्रेलियात अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीवर डेव्हिड मॅलिन यांनी निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशात घेतलेल्या तीन कृष्णधवल काचपट्ट्या एकत्र करून तेजोमेघांचे रंग दाखवले, तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर पोचलेले नव्हते. थोडक्यात, रंग तिथे आहेत. अधू आहे तो आपला डोळा.

आणि ‘तीन राखाडी चित्रांतून जुळवलेलं म्हणून खोटं’ म्हणायचं असेल, तर खिशातल्या मोबाइलपासून सुरुवात करावी लागेल. त्याचाही संवेदक रंगांधळा. त्याच्या चिमुकल्या चौकटींवर लाल, हिरवे, निळे फिल्टर चिकटवलेले असतात; दर चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही रचना कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. बाकीचा रंग हिशेबाने भरून काढला जातो. नातवाच्या बारशाच्या फोटोतल्या झबल्याचा रंगसुद्धा असाच गणिताने आलेला, पण ‘कॉम्प्युटरची करामत’ म्हणून तो फोटो कुणी अल्बममधून काढून टाकत नाही. गंमत म्हणजे या कुळाचा मूळपुरुषच संशयास्पद निघाला. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनला तीन फिल्टरांतून टिपलेल्या रंगीत फितीचं चित्र पडद्यावर दाखवलं. त्या काळच्या काचपट्ट्यांना तांबडा प्रकाश कळतच नसे. मग लाल भाग उमटला कसा? बरोबर शंभर वर्षांनी उलगडा झाला: फितीचा लाल भाग डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही परावर्तित करत होता आणि तोच लाल फिल्टरमधून पट्टीवर पोचला होता. म्हणजे पहिल्या गाजलेल्या रंगीत छायाचित्रातला लाल रंग अदृश्य प्रकाशाचा!

उरला तो हिरवा हायड्रोजन. इथे जरा थांबायला हवं, कारण आरोपाचं सगळं बळ त्यात आहे.

गंधकाची रेषा साधारण ६७३ नॅनोमीटरवर, हायड्रोजनची ६५६ वर. डोळ्याच्या लेखी दोन्ही तांबड्या. ‘खरे’ रंग ठेवले असते, तर गंधक कुठे संपतो आणि हायड्रोजन कुठे सुरू होतो, हे चित्रात कळलंच नसतं. म्हणून त्या दोघांना लांब केलं. पण कसं? सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, मधलीला हिरवा, सर्वांत आखूड ५०१ नॅनोमीटरच्या ऑक्सिजनला निळा. क्रम मोडलेला नाही. गायक काळी एकमध्ये गायला काय आणि गायिका काळी चारमध्ये गायली काय, यमन तो यमनच. षड्ज हलला तरी स्वरांचं नातं टिकतं. जेम्स वेब दुर्बीण ०.६ ते ५ मायक्रॉनमधला प्रकाश एका कॅमेऱ्याने टिपते. त्यातला बहुतेक अवरक्त, डोळ्याच्या टापूबाहेरचा. तोही असाच क्रमाने खालच्या पट्टीतून वर आणला जातो. दाखला थोडा लंगडतो हे मान्य, कारण इथे स्वरांमधली अंतरंही ताणली जातात. चढता क्रम मात्र राहतो. तो जिथे मोडला असेल, तिथे आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला मीही उभा राहीन.

बरं, हा क्रम नुसता नटवण्यासाठी नाही. ऑक्सिजनची ती रेषा उमटायला त्या अणूचे दोन इलेक्ट्रॉन उखडावे लागतात. दुसरा उखडायला सुमारे ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. गंधकाचा एक इलेक्ट्रॉन दहा-साडेदहातच सुटतो. म्हणून चित्रात निळं दिसतं तिथे जवळच्या तप्त ताऱ्यांचा अतिनील मारा सर्वांत जोरात पोचतोय, आणि लाल दिसतं तिथे तो काठाशी येऊन मंदावलाय. हे एकदा समजलं की ते चित्र शोभेचं राहत नाही, वाचायचं होतं.

तशी ही वाचनाची विद्या छायाचित्रांच्याही आधीची. २९ ऑगस्ट १८६४ च्या संध्याकाळी लंडनजवळच्या आपल्या घरच्या वेधशाळेतून विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखला. तोवर प्रश्न असा होता, की तेजोमेघ म्हणजे दुरून धूसर दिसणारी ताऱ्यांचीच गर्दी की आणखी काही? तारे असते तर सप्तरंगी पट्टा दिसला असता. हगिन्सना दिसली एक हिरवी रेषा, मग तिच्याशेजारी आणखी दोन. म्हणजे तो वायू होता. त्या हिरव्या रेषेशी जुळणारं मूलद्रव्य पृथ्वीवर सापडेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचं नवंच मूलद्रव्य मानलं गेलं. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की तो आपला ऑक्सिजनच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि अतिविरळ अवस्थेतला. तेजोमेघाला रंग नसता, तर तो कशाचा बनलाय हा साठ-पासष्ट वर्षांचा शोध सुरूच झाला नसता.

धुळीचंही तेच. स्तंभ काळपट, मातकट का दिसतात? गोरज मुहूर्तावर सूर्य तांबडा का होतो, याचंच हे मोठं भावंड. धुरासारखे, मायक्रॉनहूनही बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि तांबडा पुढे जाऊ देतात. कृत्तिकांभोवतीची निळी धूसर किनार म्हणजे असा विखुरलेला प्रकाश. तिचा वर्णपट शेजारच्या ताऱ्यासारखाच आहे, हे व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ सालीच दाखवलं. विल्यम हर्शेलना आकाशातले असे काळे पट्टे म्हणजे भोकं वाटली होती. एडवर्ड बार्नार्ड यांनी १९१९ मध्ये १८२ काळ्या डागांची यादी छापली. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रंपलर यांनी तारकागुच्छ मोजून सिद्ध केलं, की ताऱ्यांमधल्या मोकळ्या वाटणाऱ्या जागेतही प्रकाश खाणारी धूळ आहे. ही धूळ आंतरतारकीय द्रव्याच्या वस्तुमानात जेमतेम एक टक्का. पण चित्रातली खोली, कडे, सावल्या सगळं तिचं देणं. वेबच्या अवरक्त प्रकाशात तीच धूळ पारदर्शक होत जाते आणि आत जन्मलेले तारे दिसू लागतात.

जास्त अभ्यासू आक्षेप वेगळाच आहे. एलिझाबेथ केसलर यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात म्हटलंय, की हबलची चित्रं थॉमस मोरान आणि अल्बर्ट बीरश्टाट यांच्या अमेरिकी पश्चिमेच्या भव्य निसर्गचित्रांच्या वळणावर गेलेली आहेत. अवकाशात वर-खाली नसतं, तरी स्तंभ उभेच मांडले जातात. खरं आहे. चौकट, दिशा, उजेड-अंधाराचा तोल कुणीतरी निवडलेला असतो. मग? कोकणकड्यावर उभं राहून फोटो काढणाराही निवडच करतो. शिवाय साम्य फक्त मांडणाऱ्याच्या नजरेतलं नाही. पश्चिमेचे ते खडकाचे सुळके उभे राहिले, कारण माथ्यावरच्या कठीण थराने खालचा मऊ खडक झाकला आणि आजूबाजूचं झिजून गेलं. गरुड तेजोमेघात दाट गाठींनी मागचा वायू झाकला आणि उरलेला ताऱ्यांच्या अतिनील माऱ्याने उडून गेला. झिजवणारा वेगळा, रीत तीच. मग आकार सारखा दिसला तर दोष मोरानच्या कुंचल्याला का द्यायचा?

खोडदच्या जीएमआरटीच्या ३० महाकाय अँटेना रेडिओ लहरींतून आकाशगंगांची चित्रं काढतात. तिथे ‘डोळ्याला कसं दिसलं असतं’ हा प्रश्नच उद्भवत नाही. सोनोग्राफीत बाळ राखाडी दिसलं म्हणून घाबरणारी आई मी तरी पाहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र मला कायम खटकते. या चित्रांत खरोखर आकाशात नसलेलं एक आहे: ताऱ्यांतून फुटणारे ते टोकदार किरण. हबलमध्ये चार, वेबमध्ये सहा मोठे आणि दोन बारीक. ते दुर्बिणीच्या आरशाच्या कडांमुळे आणि दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या दांड्यांमुळे येतात. ताऱ्याशी त्यांचा संबंध नाही. रंगांवर तुटून पडणाऱ्यांपैकी कुणी या किरणांबद्दल अवाक्षर काढत नाही. उलट, ‘तारा कसा चमकतोय बघा!’

आक्षेप घेणाऱ्यांच्या पारड्यात एक खरी चूक मात्र टाकायलाच हवी. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेलं. ढग स्पष्ट दिसावेत म्हणून चित्रांतला निळा गडद केला होता आणि तसं सोबत सांगितलंही होतं. पुढे चित्र फिरत राहिलं, खुलासा गळून पडला. पाठ्यपुस्तकांत नेपच्यून गडद निळा झाला तो झालाच. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने जुनी मोजमापं पुन्हा तपासून दाखवलं, की तो युरेनससारखाच फिकट हिरवट-निळा आहे, किंचित जास्त निळा इतकंच. रंग गडद करणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं. चित्राखालची ओळ कापणाऱ्यांनी घोटाळा केला.

म्हणून दैनिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. असं छायाचित्र छापाल तेव्हा खाली दुर्बिणीचं नाव द्या, कुठल्या प्रकाशाला कुठला रंग दिलाय ते द्या, आणि तो प्रकाश डोळ्याला दिसणारा आहे की नाही तेही. दोन ओळींत मावतं.