सॅकमधले तूप, लोणचे आणि शाम्पू

इब्राहून बिदियाच्या वाळूत किंवा वादी बनी खालिदला पाठीवर सॅक घेऊन मुक्कामी जाणाऱ्या मंडळींसाठी ही माहिती.

तळाशी चिमटा असलेली, पुन्हा भरता येणारी ट्यूब आम्हाला सोयीची वाटते. ती तळातून चमच्याने भरता येते आणि उघडून नीट धुता येते. उन्हात आतली हवा प्रसरण पावते व तूप वितळते. म्हणून ट्यूब काठोकाठ भरू नये, हवा दाबून काढावी आणि वर पिशवी बांधावी. खाण्याच्या व साबण-शाम्पूच्या ट्यूब कायम वेगळ्या ठेवाव्यात, नावे लिहावीत.

श्रीखंड आणि ओल्या नारळाची चटणी मात्र नेऊ नये. पारा ३२ अंशांवर असताना असे पदार्थ बर्फाशिवाय तासाभरापेक्षा जास्त ठेवणे धोक्याचे. वाळवंटात मुलांना जुलाब झाले तर दवाखाना दूर असतो. त्यापेक्षा शेंगदाण्याची कोरडी चटणी न्यावी.