भातुकलीतून सुटलेली आगगाडी

भातुकली एका दिवसात पुरी होत नाही. वर्ध्याजवळच्या घोराडच्या यात्रेत चूल-तवा घेतला, तर जातं पुढच्या यात्रेत आणि बंब त्याच्याही पुढच्या वर्षी. दरवेळी तीच मुलगी दुकानापुढे उभी राहते आणि आपल्या संसारात काय कमी आहे ते तिला तोंडपाठ असतं. छोट्या आगगाडीचा छंद आणि त्या छंदाची दुकानं, या दोन्हींचं कूळ शोधत गेलं की माणूस भातुकलीपाशीच येऊन पोहोचतो.

जर्मनीतल्या गोपिंगेन गावी थिओडोर मेर्कलिन नावाचा पत्र्याची कामं करणारा कारागीर होता. १८५९ मध्ये त्याने बाहुलीघरासाठी पत्र्याची इवली भांडीकुंडी बनवायला घेतली. त्याच्या माघारी पत्नी कॅरोलिनने धंदा सांभाळला, पुढे मुलांनी तो वाढवला. बाहुलीघर घेणारं गिऱ्हाईक नंतर वर्षानुवर्षं त्यात भर घालायला परत येतं, हे या घराने जवळून पाहिलं होतं. १८९१ च्या लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत त्यांनी तीच रीत आगगाडीला लावली.

खेळण्यातली इंजिनं त्याआधीही होती. पितळी बॉयलर आणि खाली स्पिरिटचा दिवा, अशी ती इंजिनं घराच्या जमिनीवर मोकळी धावत आणि मागे पाण्याचे थेंब सांडत जात. पण त्यांतलं प्रत्येक इंजिन एकटं होतं, एकाचं दुसऱ्याशी काही जुळत नसे. मेर्कलिन बंधूंनी रुळांमधल्या अंतराची मापं ठरवली आणि त्या मापांना क्रमांक दिले. यंदाच्या रुळाला पुढच्या वर्षीचा रूळ बसू लागला. मग सांधा आला, सिग्नल आला, स्टेशन आलं, मालडबे आले. गाडी विकत घेणं हा व्यवहार एका दिवसाचा उरला नाही, आणि दुकानदाराला आपल्या गिऱ्हाइकाचा रूळमार्ग घरच्या अंगणासारखा ठाऊक होऊ लागला.

विजेच्या गाडीची एक गोष्ट तर दुकानाच्या काचेतच सुरू होते. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल कोवेनने १९०१ च्या सुमारास विजेवर फिरणारा एक उघडा डबा बनवला. तो विकायचा नव्हता. काचेमागे गोल फिरत राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर दुकानातल्या मालाकडे वळवावी, एवढंच त्याचं काम होतं. लोक थांबले, आत आले आणि माल राहिला बाजूला, त्यांनी तो डबाच मागितला. तिकडे मेकॅनो हे जोडायचं खेळणं काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबीने १९२० मध्ये लिव्हरपुलात किल्लीच्या गाड्या काढल्या. १९३५ च्या सुमारास 'शून्य' क्रमांकाच्या मापाच्या निम्म्या आकाराची गाडी आली आणि जमिनीवरचा पसारा टेबलावर मावला. निम्मं शून्य म्हणजे 'हाफ झीरो', त्याचंच एच.ओ. झालं. आज जगभर चालणाऱ्या या मापात खरी गाडी ८७ पटींनी लहान होते.

मराठी मुलखात या छंदाला हक्काचं घर मिळालं ते पुण्यात. बी. एस. जोशी यांनी जन्मभर जपलेल्या छोट्या गाड्यांचं संग्रहालय कोथरूडमध्ये १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालं. तिथे सिग्नल, उड्डाणपूल, रस्त्यावरचे दिवे यांच्यासह एक अख्खं शहर नांदतं आणि त्यातून गाड्या धावतात. पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन तिथे अवश्य जा, तिकीट काढा. अशी जागा तिकिटाच्या आणि येणाऱ्यांच्या बळावरच टिकते.

आता आपल्या वर्ध्याकडे. पुलगाव–आर्वी ही ३५ किलोमीटरची नॅरोगेज १९१७ मध्ये सुरू झाली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही गाडी आर्वीचा कापूस पुलगावला मोठ्या लायनीवर आणून सोडत असे. सोरटा, विरूळ, रोहणा या गावांची ती घरची गाडी होती. लोक तिला शकुंतला म्हणत. याच कंपनीच्या यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. आर्वीची गाडीही पुढे थांबली.

या गाडीचं गणित मांडून पाहिलं की मन हरखतं. एच.ओ. मापाचे बाजारातले रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोपातल्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले आहेत. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागलं की १९ च्या वर जातं, म्हणजे आपली मेलगाडी त्या तयार रुळांवर बसवायची तर रुळांच्या रुंदीत तडजोड आलीच. शकुंतलेची रुंदी मात्र ७६२ मिलिमीटर. तिला ८७ ने भागा, पावणेनऊ येतात. एन नावाच्या धाकट्या मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. जिल्ह्यातली सर्वांत साधी गाडी सर्वांत खरेपणाने घडवता येते ती अशी. पूर्ण मार्ग मांडला तर तो ४०२ मीटर भरेल. पण पुलगावचा फलाट आणि रोहण्याचं छोटं स्टेशन एका टेबलावर सहज मावतात.

हे साहित्य आणायचं कुठून? परदेशी माल महाग पडतो. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. पण रूळ आणि इंजिनाचा सांगाडा सोडला, तर बाकीची गाडी गावच्या बाजारातून उभी राहू शकते. बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि डाख देण्याचं सामान इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, फोमशीट आणि रंग स्टेशनरीत, एमसील हार्डवेअरमध्ये. आपलं छंदाचं दुकान असं चार पाट्यांखाली विखुरलेलं आहे. तिथे मोबाइलवर भाव ताडून पाहायला जाऊ नका. हातात अर्धा डबा घेऊन जा, काय अडलंय ते सांगा. बारीक तार, इवला दिवा, छोटी मोटर यांना गिऱ्हाईक आहे हे कळलं की दुकानदार पुढच्या खेपेला नागपूरहून चार नग जास्त आणतो. त्याने सुचवलेल्या युक्तीचे पैसे तो मागत नाही, म्हणून माल तरी त्याच्याकडूनच घ्यावा.

ही शिकवण वर्ध्याला बाहेरून आणावी लागत नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथेच मगनवाडीत उभा राहिला आणि जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम अंगावर घेतलं. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. जवळच्या कारागिराची वस्तू डोळ्यांनी पाहावी, ती कशी होते हे समजून घ्यावं आणि त्याच्याकडूनच घ्यावी, हा धडा तिथे जवळपास नव्वद वर्षांपासून मांडून ठेवलेला आहे. छोट्या आगगाडीचा छंद त्या धड्याबाहेरचा नाही. पत्रा कापणारा हात, डाख देणारा हात आणि ते सामान जवळ बाळगणारा दुकानदार, तिघांचाही तो संसार आहे.

गाडी तयार झाली की ती घरात कपाटावर ठेवू नका. ज्याने तार दिली, त्याच्या दुकानाच्या काचेत आठवडाभर फिरू द्या. न्यूयॉर्कच्या त्या डब्याने हेच केलं होतं. आर्वीच्या बाजारात एखादं पोर काचेला नाक लावून उभं राहील, आजोबांना विचारील, आणि आजोबा सोरट्यापासून एकेक स्टेशन मोजू लागतील.