बफर उतू कसा जातो?

भुसावळच्या रेल्वे यार्डात हयात घालवलेल्या मामांना मी एकदा ‘बफर ओव्हरफ्लो’ समजावायला गेलो. ते हसले. “बफर दबीन, वाकीन. उतू कसा जाईन रे भो?” तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो.

बफर ओव्हरफ्लोचं एक प्रकरण प्रसिद्ध आहे. 2 नोव्हेंबर 1988 ला कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ व्हॅक्स संगणकांच्या फिंगर सेवेतून आत शिरला. तिथे येणाऱ्या मजकुराला 512 बाइटांची जागा, म्हणजेच बफर, होती, वर्मने 536 धाडले. मजकूर वाचणारं सी भाषेतलं ‘गेट्स’ हे फंक्शन लांबी बघतच नसे. जादा बाइट शेजारी सांडले. काम उरकल्यावर कुठे परतायचं तो पत्ता तिथेच लिहिलेला असतो. सांधा बदलला, गाडी भलत्याच रुळावर.

पण मुळात ‘बफर’ आला कुठून? कोशकार ‘बफ’ म्हणजे धप्पकन बसलेला फटका, या जुन्या फ्रेंच शब्दाकडे जातात. इंग्रजीत दुसराही एक ‘बफ’ आहे: मऊ कमावलेलं कातडं, मूळचं बफेलोचं, म्हणजे म्हशीचं! आणि सुरुवातीच्या काही रेल्वेडब्यांचे बफर होते घोड्याचे केस कोंबलेल्या कातडी गाद्या. माझा कौल म्हशीला. कोशकारांचा मुद्दा तगडा आहे, नाही असं नाही. फटका मंदावणे या अर्थाचं क्रियापद होतंच, आणि शेवटचा ‘र’ सहसा क्रियापदालाच चिकटतो. तरी डब्याला कातडं ठोकणाऱ्या कारागिराच्या कानात दुसरा ‘बफ’ वाजलाच नसेल, हे मला पटत नाही.

धक्का सोसणारा बफर साठवायला कधी लागला? माझा तर्क असा. संगणक वेगवान, कार्डं वाचणारं यंत्र रखडणारं. दोन वेगांची टक्कर नको म्हणून मधे थोडी जागा ठेवली. पुढे सोसणं विसरलं गेलं, साठवणं उरलं. नाव रेल्वेचं, काम धरणाचं! वरणगावजवळच्या हतनूरला तापीवर 41 दरवाजे आहेत, पाणी चढलं की उघडतात. ‘गेट्स’च्या नावातच काय ते गेट. 2011 च्या मानकात सी भाषेने त्याला कायमचं घालवलं.

नव्या एलएचबी डब्यांना बाजूचे बफर नसतात, मधलं कपलिंगच दोन्ही कामं करतं. हे मामांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, “मंग बफर आता तुमच्याच मशिनीत राह्यले म्हना.”