हेल्मेट बाहेरून चकाचक, पण आतून? लपलेला मार असा ओळखा

मागच्या पावसाळ्यात माझी बाइक घसरली आणि डोकं रस्त्यावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून उठून घरी आलो. हेल्मेटवर फक्त एक ओरखडा होता. पुसलं आणि परत वापरायला लागलो. 3 आठवड्यांनी धुवायला आतली गादी काढली, तर ओरखड्याच्या बरोबर मागे थर्माकोलला बारीक चीर! म्हणजे इतके दिवस मी निकामी हेल्मेट घालून फिरत होतो.

असं का होतं?

हेल्मेटचं बाहेरचं कवच प्लास्टिकचं किंवा फायबरग्लासचं असतं. आत ईपीएस फोम, म्हणजे दाट थर्माकोल असतो. डोकं आपटलं की हा फोम दबतो आणि धक्का स्वतःवर घेतो. पण एकदा दबलेला फोम परत पहिल्यासारखा फुगत नाही. त्याच जागी दुसरा मार बसला, तर धक्का थेट डोक्याला. प्लास्टिकचं कवच मात्र वाकून पुन्हा जागेवर येतं, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही.

घरच्या घरी काय तपासाल?

1. निघणारी गादी आणि गालाचे पॅड काढा.
2. मोबाइलचा टॉर्च फोमला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून न दिसणारी चीर किंवा खड्डा सावलीमुळे उठून दिसतो. फोटो काढून झूम करा.
3. डावी-उजवी बाजू बोटांनी चाचपून बघा. एकीकडे खोलगट लागतंय का? फोम कवचापासून सुटलाय का?
4. फायबरग्लासच्या कवचावर नाण्याने हलकं टकटक करा. एकाच ठिकाणी आवाज बद्द आला, तर आतले थर सुटलेले असू शकतात.
5. पट्टा, रिव्हेट आणि बकल ओढून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं

फोम बऱ्याचदा कवचाला लागून असलेल्या बाजूने दबतो. ती बाजू आपल्याला दिसतच नाही. त्यामुळे घरच्या तपासणीत हेल्मेट ‘नापास’ होऊ शकतं, ‘पास’ कधीच नाही. अपघातात डोकं आपटलं असेल, तर काही दिसो न दिसो, हेल्मेट बदला.

नुसतं हातातून पडलं तर?

आत डोकं नसताना फोमवर तेवढा दाब येत नाही. कमी उंचीवरून एकदा पडलं, तर सहसा बिघडत नाही. तरी वरची तपासणी करा. सेकंड हँड हेल्मेट मात्र घेऊ नका, त्याने आधी काय सोसलंय ते कळायला मार्ग नाही.

नवीन घेताना आयएसआय मार्क आणि आयएस 4151 हा क्रमांक बघा. 1 जून 2021 पासून भारतात दुचाकीच्या हेल्मेटला हा मार्क सक्तीचा आहे.

माझं जुनं हेल्मेट धाकट्या भावाने मागितलं होतं, “कॉलेजपुरतं चालेल रे दादा.” मी कात्री घेतली, त्याच्यासमोरच पट्टे कापले आणि मगच ते कचऱ्यात टाकलं.