दहिसरच्या अंगणात 'हिरवी भिंत': झटपट वाढणारी सूचिपर्णी झाडं मुंबईत आडोसा देतात का?

दहिसरमध्ये जुन्या बैठ्या घरांच्या आणि चार मजली सोसायट्यांच्या शेजारी पुनर्विकासाचे टॉवर उभे राहत आहेत. तळमजल्याच्या अंगणात, खिडकीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर समोरच्या बाल्कनीतून थेट नजर पडते. आडोसा कसा करावा हे शोधायला गेलं की मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ येतात. त्यात कुंपणाला लागून गर्द हिरव्या झाडांची रांग असते, काही वर्षांतच तिची उंच भिंत होते आणि बाराही महिने पानं टिकतात. ही झाडं बहुतेक वेळा कोनिफर, म्हणजे सूचिपर्णी असतात.

तीच झाडं दहिसरला लावली तर काय होईल? थोडक्यात सांगायचं तर जी कोनिफर परदेशात झपाट्याने वाढतात ती मुंबईत तग धरत नाहीत, आणि जी मुंबईत जगतात त्यांची लवकर भिंत होत नाही.

व्हिडिओतलं झाड कोणतं?

बहुतेकदा ते लेलँड सायप्रस असतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन वेगवेगळ्या सायप्रसांचा हा संकर. तो जंगलात झाला नाही. १८८८ मध्ये वेल्समधल्या लेटन हॉल या बागेत ही दोन झाडं जवळजवळ लावलेली होती, तिथे तो आपोआप झाला. थंड, दमट हवेत हे झाड वर्षाला जवळपास एक मीटर वाढतं. म्हणूनच ब्रिटनमध्ये ते घरोघरी लागलं.

पण वाढ कुंपणाच्या उंचीला थांबत नाही. छाटणी राहिली की शेजाऱ्याचं ऊन अडतं. ब्रिटनमध्ये यावरून इतकी भांडणं झाली की २००३ च्या कायद्यात उंच कुंपणांसाठी वेगळा भाग घालावा लागला. दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाविरुद्ध शेजारी स्थानिक प्रशासनाकडे तक्रार करू शकतो. इंग्लंडमध्ये ही तरतूद २००५ पासून लागू झाली.

मुंबईत ते का वाढत नाही?

मुंबईत वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दहिसरचा बराच भाग खाडी आणि नदीच्या काठाचा, सखल आहे. तुळशी तलावाच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानातून येणारी दहिसर नदी इथूनच खाडीला मिळते. जमिनीत पाणी साचून राहिलं की सायप्रसची मुळं कुजतात. वर थंडी जवळजवळ नाही आणि रात्रीही उकाडा.

सह्याद्रीतही हेच दिसतं. पश्चिम घाटात नैसर्गिकरीत्या वाढणारं सूचिपर्णी झाड एकच, नागेया वालिचियाना, आणि तेही दक्षिणेकडे केरळ-तमिळनाडूच्या जंगलांत.

मग नर्सरीत 'कोनिफर' म्हणून काय मिळतं?

मोरपंखी: पंख्यासारख्या चपट्या फांद्यांचं झाड. शाळकरी मुलं 'विद्या' म्हणून याची डहाळी वहीत ठेवतात. मूळचं चीनकडचं. मुंबईत जगतं, पण हळू वाढतं. भरपूर ऊन लागतं. इमारतीच्या सावलीत आतून तपकिरी आणि विरळ होतं.

ख्रिसमस ट्री: नर्सरीत या नावाने मिळणारं झाड बहुधा अरौकेरिया असतं. मुंबईत छान वाढतं, पण फांद्या मजल्यांसारख्या थरांत येतात आणि मधून आरपार दिसतं. कुंडीतलं हे देखणं रोप जमिनीत लावलं तर इमारतीएवढं होऊ शकतं.

गोल्डन सायप्रस: हिवाळ्यात कुंडीत मिळणारं, पिवळसर हिरवं, लिंबासारख्या वासाचं रोप. मुंबईचा उन्हाळा आणि पावसाळा याला सहसा झेपत नाही.

पोडोकार्पस: सुयांऐवजी लांबट पानांचं कोनिफर. उष्ण हवा सोसतं, दाट होतं आणि कात्रीने आकार देता येतो. मुंबईत कोनिफरचंच कुंपण हवं असेल तर हा त्यातल्या त्यात बरा पर्याय, मात्र वाढ सावकाश आणि पाणी न साचणारी जागा हवी.

खरेदीआधी आणखी एक गोष्ट माहीत हवी. मोरपंखी, सायप्रससारखी बरीच कोनिफर जुन्या लाकडावर पुन्हा फुटत नाहीत. हिरवा भाग ओलांडून आत छाटलं की तिथे कायमचं भगदाड राहतं. जास्वंद किंवा मेंदीची सवय असलेला माळी हमखास इथेच फसतो.

सुरू आणि अशोक कोनिफर नाहीत का?

नाहीत. अलिबाग, नागाव, दिवेआगरच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन पाइनसारखं दिसतं, पण सुरू हा सपुष्प वृक्ष आहे. त्याची 'सुई' म्हणजे खरं तर सांधे असलेली बारीक हिरवी काडी. पानं त्या सांध्यांवर अगदी सूक्ष्म खवल्यांसारखी असतात. फळ शंकूसारखं असल्याने गोंधळ वाढतो. नावातही तो आहे: सुरू हा शब्द फारसीतल्या 'सर्व' वरून आला आणि तिथे त्याचा अर्थ सायप्रस.

सुरू झपाट्याने वाढतो, खारी हवा सोसतो, लहानपणापासून कातरला तर कुंपणही होतो. कातरणं थांबलं की तो उंच वृक्ष होतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची असंख्य झाडं आडवी झाली. दोन घरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत असं झाड पडलं तर ते कोणाच्या तरी छपरावरच पडणार.

सोसायट्यांच्या भिंतीलगत सर्रास दिसणारा उंच, निमुळता अशोक म्हणजे खोटा अशोक किंवा आसुपालव. सीतेचा अशोक वेगळा. आसुपालव सदाहरित आहे, रुंदीला जागा कमी खातो आणि मुंबईच्या हवेत सहज वाढतो. त्याची फळं कोकीळ आणि वटवाघळं खातात. परदेशी व्हिडिओतल्या झाडाचं काम मुंबईत गेली कित्येक वर्षं हाच करतो आहे. उंचीची मर्यादा मात्र यालाही पाळावी लागते.

किती उंच झाड लागेल?

बहुतेक जण इथेच चुकतात. समजा, समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून १० मीटरवर आहेत आणि तुमच्या अंगणातली खुर्ची त्या इमारतीपासून १२ मीटरवर. खुर्चीत बसल्यावर डोकं साधारण १.२ मीटरवर येतं. झाड खुर्चीपासून ६ मीटर दूर, कंपाउंडच्या भिंतीजवळ असेल तर नजर अडवायला ते साडेपाच मीटरहून उंच हवं. तेच झाड खुर्चीपासून एका मीटरवर असेल तर दोन मीटर उंची पुरते.

म्हणजे वरून पडणारी नजर अडवायची असेल तर आडोसा भिंतीजवळ नको, आपल्या जवळ हवा. रस्त्यावरून चालणाऱ्याची नजर अडवायला मात्र भिंतीलगतचं दोन मीटरचं कुंपण पुरेसं आहे. वीस मजली टॉवरच्या वरच्या मजल्यांपासून लपायला तर झाड नव्हे, डोक्यावर मांडवच लागतो.

लवकर आडोसा हवा असेल तर?

वेल: लोखंडी जाळीवर किंवा मांडवावर मधुमालती, कृष्णकमळ. जागा वीतभर लागते आणि चांगल्या उन्हात एक-दोन पावसाळ्यांत जाळी भरते.

कुंती: दाट, सदाहरित, सुगंधी फुलांची. माणसाच्या उंचीपर्यंत उत्तम.

बेटाने वाढणारा बांबू: पटकन उंच होतो. पसरणारी जात टाळावी.

फायकस टाळलेला बरा. त्याची मुळं भिंतीत आणि पाण्याच्या पाइपांत शिरतात. झटपट वाढतं म्हणून अनेक शहरांत लागलेल्या कोनोकार्पसबाबतही सावध राहावं. गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

परवानगी लागते का?

लावण्याआधी सोसायटीला विचारा. तळमजल्यासमोरची मोकळी जागा बहुतेक वेळा एका घराची नसते, सोसायटीची असते.

खरा प्रश्न झाड मोठं झाल्यावर येतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार खासगी आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. मुंबईत खासगी आवारातल्या झाडाच्या फांद्या छाटायलाही पालिकेची परवानगी घ्यावी लागते. दहिसरसाठी आर उत्तर विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे अर्ज करायचा असतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत मोठ्या संख्येने झाडं पडली. त्यामुळे धोकादायक फांद्यांसाठी हा अर्ज पावसाळ्याआधी पुरेसा वेळ ठेवून करावा.

म्हणून रोप घेताना 'वर्षात किती वाढेल?' याच्या जोडीला 'वाढून शेवटी केवढं होईल?' हेही नर्सरीत विचारावं. लावायला पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावरचे दिवस योग्य. खड्ड्यात पाणी ओतून पाहावं. ते तासन् तास तसंच राहिलं तर तिथे कोनिफर लावू नये.