एक कोयता, दोन माणसं

दिवाळी सरली की आमच्या नांदूरघाटच्या शाळेतले बाक रिकामे व्हायचे. पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली असत. अब्बांचं अक्षर चांगलं, म्हणून एक मुकादम उचलीची वही त्यांच्याकडून लिहून घेई. गड्याचं नाव, रक्कम आणि पुढं 'एक कोयता'. मी एकदा विचारलं, ''अब्बा, औरत का नाम?'' ते म्हणाले, ''बेटा, उसका खानाच नै इसमें.''

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा. माणसाचं नाव अवजारावरून पडलं, तिथंच या कामाचं मानसशास्त्र सुरू होतं.

माणूस काम का करतो, याचा अभ्यास विसाव्या शतकात रीतसर सुरू झाला. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरचं पुस्तक १९११ चं. कामाची हालचाल न् हालचाल मोजा, कामाप्रमाणे दाम द्या, हे त्याचं सूत्र. पुढं १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले. एल्टन मेयो यांनी त्यांतून सांगितलं, की माणूस पैशाइतकाच सोबत्यांना आणि मिळणाऱ्या आस्थेला धरून असतो. तिथल्या चौदा कामगारांच्या एका गटानं दिवसभरात किती काम करायचं ते आपसातच ठरवलं होतं. फार घाई करणाऱ्याला सोबतीच टोमणे मारत.

आता आपल्याकडं या. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. सहकारानं ऊस पिकवणाऱ्याला सभासद केलं, मालकपणाचा मान दिला. ऊस तोडणारा मात्र मुकादमाचाच राहिला. १९७२ च्या दुष्काळानंतर बीडहून जाणाऱ्यांची रीघ वाढत गेली.

फडात टेलर आहे. मजुरी टनावर मिळते. हॉथॉर्नची टोळीही आहे, पण उलटी फिरलेली. तिथं सोबती हात आवरायला लावत, इथं हात चालवायला लावतात. कारण उचल आधीच खर्चून झालेली असते. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून गाडी मध्यरात्री आली तरी भरावीच लागते. एक जण आजारी पडला की त्याच्या मोळ्या दुसऱ्याच्या डोक्यावर. वर खाड्याचा दंड. मुकादम फडावर नसला तरी अंगावरचं कर्ज राखण करतं.

या राखणीची किंमत २०१९ मध्ये उघड झाली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागची कारणं अनेक होती. पण दुखणं अंगावर काढायचं, खाडा मात्र पडू द्यायचा नाही, हे त्या बायकांच्या मनावर कामाच्या रीतीनंच बिंबवलं होतं.

संघटना माणसाचं मन घडवते ते भाषणांनी नव्हे, वहीतल्या रकान्यांनी. ज्याला रकाना नाही, त्याचं दुखणं कुणाच्याच हिशेबात येत नाही.

अब्बा आता नाहीत. पण ती वही पुन्हा हाती आली, तर मी आधी एक उभी रेघ ओढीन आणि वर लिहीन : बाईचं नाव.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)